शाळेचं क्रीडावर्ष : वाचकांच्या शंका, जाणकारांची उत्तरं

शाळा उघडायच्या तोंडावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून येणारी पत्रं पाहिली, की एक गोष्ट दरवर्षी जाणवते. प्रश्न स्पर्धेच्या दिवसाचे कमी आणि त्याआधीच्या खटपटीचे जास्त असतात. ते बरोबरच आहे. शाळेच्या खेळाचं निम्मं यश जून-जुलैतल्या कागदांत आणि मैदानाच्या मातीत असतं. म्हणून या वेळी तशीच पत्रं निवडली आहेत.

मी मोहोळ तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत यंदा क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झाले. मुख्याध्यापकांनी वर्षभराचं नियोजन मागितलं आहे. कुठल्या महिन्यात काय धरावं?

बाई, नियोजन शेवटून सुरू करा. तालुका पातळीच्या शालेय स्पर्धा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात लागतात. म्हणजे १५ जूनला शाळा उघडल्यावर हातात जेमतेम आठ-दहा आठवडे राहतात. त्यामुळे २१ जूनचा योगदिन झाला, की लगेच निवड चाचण्या घ्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात खो-खो, कबड्डी आणि मैदानी खेळांचे संभाव्य खेळाडू ठरलेले हवेत. 'आधी सगळ्यांना खेळू दे, मग बघू' असं म्हणणाऱ्या शाळांचा संघ स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ठरतो आणि पहिल्या फेरीत घरी येतो.

आपल्याकडचा पाऊस कोकणासारखा जूनमध्ये कोसळत नाही, त्याचा जोर सप्टेंबरात असतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मैदान बऱ्यापैकी वापरता येतं आणि नेमकं स्पर्धांच्या ऐन दिवसांत चिखल होतो. वेळापत्रकात सप्टेंबरचे दोन आठवडे मोकळे सोडा, पुढे ढकललेले सामने तिथेच येऊन पडतात. २९ ऑगस्टला, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय क्रीडा दिन असतो. भाषणांऐवजी त्या दिवशी आंतरवर्गीय अंतिम सामने लावा, पोरं जास्त लक्षात ठेवतात.

दिवाळीनंतर शाळा उघडल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ वर्षातला सगळ्यात चांगला. सकाळी गारवा, जमीन कोरडी. वार्षिक क्रीडा महोत्सव याच दिवसांत घ्या. संक्रांतीचा आठवडा मात्र टाळाच. शहरातल्या शाळांनी तर त्या आठवड्याचा विचारही करू नये. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, होम मैदानावरची गर्दी यांत निम्मा वर्ग गैरहजर असतो. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. राज्याचा क्रीडा दिन त्या दिवशीच असतो, पण कार्यक्रम छोटा ठेवा. पाठोपाठ २६ जानेवारीचं संचलन आणि लेझीम यांना मैदान लागतंच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा परीक्षा केंद्र असेल, तर मैदानावर शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही. पाचवी ते आठवीला त्या दिवसांत लगोरी, लंगडी, विटी-दांडू खेळू द्या, आणि तेही ऊन चढायच्या आत.

माझ्या मुलाचा जन्म ३ जानेवारी २०१२ चा आणि त्याच्या मित्राचा २८ डिसेंबर २०११ चा. दोघं एकाच वर्गात, पण २०२५-२६ मध्ये एकाला १४ वर्षांखालील संघात घेतलं आणि दुसऱ्याला नाही. हा अन्याय नाही का? (पालक, जुळे सोलापूर)

अन्याय नाही, नियमच तसा आहे. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोजलं जातं. इयत्तेचा इथे संबंध नाही. ३१ डिसेंबर २०२५ ला तुमच्या मुलाची १३ वर्षं पूर्ण होतात आणि मित्राची १४. म्हणून मित्र १७ वर्षांखालील गटात गेला. सहा दिवसांनी गट बदलला हे खरं, पण रेषा कुठेही ओढली तरी दोन मुलं तिच्या दोन बाजूंना राहणारच.

यापेक्षा मोठी अडचण येते ती कागदांत. शाळेचं जनरल रजिस्टर, जन्मदाखला आणि आधार कार्ड या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकच हवी. एकावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं असलं की पडताळणीच्या टेबलावर खेळाडू अडतो. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा ते काम जूनमध्येच उरका. आणखी एक गोष्ट : सोलापूर शहरातल्या शाळा महानगरपालिका स्तरावर खेळून थेट पुणे विभागात जातात, तर ग्रामीण शाळांना आधी तालुका, मग जिल्हा आणि मग विभाग असं चढावं लागतं. शाळा बदलताना हे ध्यानात असू द्या.

आमचं मैदान ९० बाय ५० मीटरचं आहे. त्यात २०० मीटरचा ट्रॅक बसेल का? दरवर्षी अंदाजाने आखतो आणि बाहेरच्या मार्गिकेतला मुलगाच जिंकतो अशी तक्रार येते. (शिक्षक, बार्शी)

बसेल, पण चारच मार्गिकांचा. सहा मार्गिकांना साधारण ९३ बाय ५३ मीटर जागा लागते. चार मार्गिकांचा ट्रॅक ८७.५६ बाय ४७.५६ मीटरमध्ये मावतो. तुमच्याकडे चारी बाजूंना सव्वा-सव्वा मीटर उरेल. तिथे कुंपणाची तार किंवा भिंत असेल तर वळणांवर प्रेक्षक उभे करू नका आणि मोकळ्या खिळ्यांवर पोती बांधा.

मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक दोरी ताणा. तिच्यावर एकमेकांपासून बरोबर ४० मीटरवर लोखंडी खुंट्या ठोका, क आणि ख. प्रत्येक खुंटीपाशी काटकोन काढायचा. त्यासाठी ६, ८ आणि १० मीटरचा त्रिकोण करा. ३-४-५ चा त्रिकोणही चालतो, पण लहान त्रिकोणातली चूक लांबवर वाढत जाते. काटकोनावर दोन्ही बाजूंना १८.९० मीटर मोजून खुणा करा. या चार खुणांचा ४० बाय ३७.८० चा आयत होतो. त्याचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आणि ५५ मीटर ३-४ सेंटिमीटर भरले पाहिजेत. इथे फरक आला तर पुढे जाऊ नका, काटकोन चुकला आहे.

आता खुंटीला तार अडकवून १८.९० मीटरच्या त्रिज्येने दोन्ही टोकांची अर्धवर्तुळं काढा. नायलॉनची दोरी नको, ती ताणली की हातभर वाढते. पुढच्या रेषा २०.१२, २१.३४, २२.५६ आणि २३.७८ मीटरवर येतात, म्हणजे प्रत्येक मार्गिका १.२२ मीटरची. त्यात उजव्या बाजूची पांढरी रेषा धरलेली असते. धावणारा रेषेवरून पळत नाही, रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून पळतो असं मोजणीत मानतात. म्हणून पहिल्या मार्गिकेची धावण्याची त्रिज्या १९.१० मीटर झाली आणि दोन सरळ बाजू धरून फेरी बरोबर २०० मीटर भरली.

तुमची तक्रार येते ती सुरुवातीच्या आघाडीतून. बाहेरच्या मार्गिकेची फेरी लांब असते, ती भरून काढायला तिथल्या मुलाला सुरुवातीलाच पुढे उभं करतात, तीच ही आघाडी. फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखलेल्या, कडेला उंच कठडा नसलेल्या ट्रॅकवर एका पूर्ण फेरीसाठी दुसऱ्या मार्गिकेला ७.६७, तिसरीला १५.३३ आणि चौथीला २३.०० मीटर पुढे उभं करायचं. पुस्तकात दुसऱ्या मार्गिकेसाठी ७.०४ दिसलं तर गोंधळू नका, ते कठडा असलेल्या ट्रॅकचं माप आहे. ही अंतरं वळणावरून मोजायची. बहुतेक शाळांत दोघं जण टेप सरळ ताणून धरतात आणि तिथेच घोटाळा होतो. चौथ्या मार्गिकेत २३ मीटर सरळ ताणले, तर वळणावरचं अंतर २४ मीटरच्या वर जातं. त्या मुलाला मीटरभर फुकटची आघाडी मिळते आणि जिंकतो तोच. आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर दर मीटरला खिळा ठोकत जा आणि टेप त्या खिळ्यांना वळसा घालून मोजा. ४०० मीटर मार्गिकेतूनच पळवणार असाल तर ही सगळी अंतरं दुप्पट.

१०० मीटर मात्र या मैदानावर पळवू नका. मागे उभं राहायला तीन आणि पुढे थांबायला किमान पंधरा मीटर लागतात. इथे ६० मीटरची शर्यत घ्या.

आखायला बांधकामाचा चुना वापरू नका. तो डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. रांगोळीची पांढरी भुकटी घ्या. कुणी चुना वापरलाच आणि डोळ्यात गेला, तर डोळा चोळू न देता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली १५ ते २० मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टरांकडे न्या.

आमच्याकडे काळी जमीन. पावसात पाय रुततो आणि जानेवारीत भेगांत पाय अडकतो. कबड्डीचं मैदान कसं करावं? (शालेय समिती सदस्य, दक्षिण सोलापूर)

काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, भेगा त्यानेच पडतात. वरून मुरूम टाकून ती लपवता येत नाही. दोन पावसाळ्यांत मुरूम खाली जातो आणि काळी माती वर येते. वरचा १५ सेंटिमीटरचा थर काढूनच टाका.

मोठ्या मुलांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, मुलींचं १२ बाय ८ आणि किशोरांचं ११ बाय ८. सर्वांत मोठं धरून चारी बाजूंना किमान दोन मीटर मोकळे सोडा, म्हणजे १७ बाय १४ ची जागा तयार करायची. खाली १० सेंटिमीटर जाड मुरूम. दाबल्यावर तो बसतो, म्हणून सुमारे साडेदहा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवा. तो पाणी मारून रोलरने दाबा. त्यावर ५ सेंटिमीटरचा बारीक थर द्या, त्याला सव्वापाच ब्रास माल पुरतो. हा थर तीन भाग चाळलेला मुरूम आणि एक भाग बारीक केलेली तीच काळी माती असा करा. नुसता मुरूम सुटा राहतो आणि पकडीत पडलेल्या मुलाचे गुडघे-कोपर सोलून काढतो. थोडी काळी माती त्याला धरून ठेवते. चाळण चार मिलिमीटरची घ्या. मोठी घेतली तर खडे राहतात आणि पोरं पडायला घाबरतात. पडायला घाबरणारा पकड करत नाही.

मैदानाचा मध्य कडांपेक्षा सात सेंटिमीटर उंच ठेवा, पाणी आपोआप वाहून जातं. रोलर कधी फिरवायचा हे असं ओळखा : संध्याकाळी पाणी मारा, सकाळी मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि तळहात स्वच्छ राहिला तर फिरवा. हाताला चिकटली तर थांबा, नाहीतर अख्खा थर रोलरला गुंडाळून वर येईल. गोळा हातातच फुटला तर अजून पाणी हवं.

शेजारी खो-खोचं मैदान करणार असाल तर खांब थेट सिमेंटमध्ये पुरू नका. जमिनीत ६० सेंटिमीटर खोल पाइप बसवून खांब त्यात उतरवा, म्हणजे स्पर्धा नसताना काढून ठेवता येतो. खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर हवा. सूर मारताना मूल एका हाताने त्याला धरून वळतं, म्हणून महिन्यातून एकदा बारीक पॉलिश पेपरने घासा. वेळापूर, वाडीकुरोलीसारख्या गावांनी आपल्या जिल्ह्याचं खो-खोत नाव केलं ते काही महागड्या मॅटवर नव्हे.

आमच्या ४ × १०० रिलेत बॅटन हमखास पडतं. चौघीही वेगात आहोत. काय चुकतंय? (नववी, अक्कलकोट)

मुलींनो, बॅटन पडतं त्याचं कारण बहुधा असं : घेणारी मागे वळून बघते आणि देणारी बॅटन द्यायच्या आधीच वेग कमी करते. देणारीने बॅटन बदलाचं क्षेत्र संपेपर्यंत पळतच राहायचं.

बदलाचं क्षेत्र ३० मीटरचं असतं. बॅटन त्या ३० मीटरच्या आत एका हातातून दुसऱ्या हातात गेलं पाहिजे. पाय कुठे आहेत ते बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात. घेणारीने आपल्या उभं राहण्याच्या जागेपासून मागे टाचेला बोट लावत १६ पावलं मोजायची आणि तिथे खडूची खूण करायची. देणारीचा पाय त्या खुणेवर पडला, की घेणारीने पूर्ण वेगात सुटायचं आणि मागे बघायचं नाही. देणारी अंगावर येऊन आदळायला लागली तर खूण दोन पावलं आणखी मागे न्या. गाठता येत नसेल तर दोन पावलं जवळ आणा. चार-पाच संध्याकाळी ही खूण पक्की होते.

हातही ठरवून घ्या. पहिली उजव्या हातात, दुसरी डाव्या, तिसरी उजव्या आणि चौथी डाव्या. बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात बदलत बसू नका. वळणावर पळणाऱ्या पहिली आणि तिसरी, म्हणून त्यांच्या उजव्या हातात. सरावाचं बॅटन विकत आणायची गरज नाही. बाहेरून ४० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा २९ सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि कडा घासून घ्या. माप नियमातच बसतं.

सामना सकाळी दहाला. माझा मुलगा शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊनच निघतो. चालेल का? उन्हाचंही सांगा. (पालक, होटगी रोड)

आधी नको, नंतर बेलाशक. दोन्ही गोष्टी चांगल्या, पण शेंगदाण्याचं तेल पोटात रेंगाळतं आणि सामन्यात पोटात दुखायला लागतं. सात वाजता मऊ भाकरी किंवा पोळी, कमी तेलाची भाजी आणि सव्वानऊला एक केळं. नवीन काही त्या दिवशी खायचं नाही.

ऊन कडक असेल तर दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर पाणी, तहान लागायची वाट न पाहता. खेळ तासापेक्षा जास्त चालणार असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर उलटी होते, म्हणून अंदाजाने टाकू नका. भिजवलेला सोलापुरी टॉवेल मानेवर ठेवला की बरं वाटतं. पण मूल बडबडायला लागलं, लडखडलं किंवा अंग तापून घाम थांबला, तर तो साधा थकवा नाही, उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मार्चनंतर सकाळी साडेआठनंतरचा सराव आम्हाला मान्यच नाही, स्पर्धा कितीही जवळ असो.

पाय मुरगळला तर हळदीचा गरम लेप लावावा का?

पहिले दोन दिवस गरम काही नको आणि चोळणं तर अजिबात नको, सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. पट्टी बांधा आणि पाय उशीवर ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबताच मूल किंचाळत असेल, तर एक्स-रे काढाच.

पावसात मैदान बंद. चार कॅरम बोर्ड आणि २४ मुलं आहेत. बाद पद्धतीत निम्मी पोरं एका डावात घरी जातात. (शिक्षक, पंढरपूर)

विरंगुळ्यासाठी बाद पद्धत घेऊच नका. चार-चारचे सहा गट करा. प्रत्येक गटात सहा सामने, एकूण ३६. चार बोर्डांवर नऊ फेऱ्या होतात. डावाला २० मिनिटं धरली तर तीन तास, म्हणजे ३५ मिनिटांच्या पाच-सहा तासिका. प्रत्येकाला तीन सामने मिळतात. सहा गटविजेते आणि दोन सर्वोत्तम उपविजेते घेऊन उपांत्यपूर्व फेरी लावा, आणखी सात सामन्यांत निकाल. बाद पद्धतच हवी असेल तर २४ जणांत आठ पुढे चाल (पहिली फेरी न खेळता थेट दुसरी) येतात. त्या चिठ्ठीने द्या, आवडीने नको.

दमट हवेत बोर्ड जड चालतो. पावडर वाढवून उपयोग होत नाही, तिचा लगदा होतो. आधी कोरड्या सुती कापडाने पुसा, मग चिमूटभर पावडर. बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, मधे पोक येतो.

मुलगा दहावीत आहे, कबड्डी बंद करावी का? वाढीव गुणांसाठी प्रमाणपत्र पुरतं ना?

बंद करू नका, कमी करा. दिवाळीपर्यंत स्पर्धांचा मोसम बहुतेक संपलेला असतो. नंतर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं पुरे. नुसत्या प्रमाणपत्रावर गुण मिळत नाहीत. शाळेने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत प्रस्ताव पाठवावा लागतो. प्रमाणपत्रावरचं नाव परीक्षेच्या अर्जावरच्या नावाशी जुळतं का, हे आजच पाहा. डिसेंबरात शाळेला विचारा, मार्चमध्ये विचारून उपयोग नाही.

मुलींचा खो-खो संघ जुलैत बाराचा असतो, सप्टेंबरात सातचा राहतो. (शिक्षिका, मंगळवेढा)

खेळायला नऊ जणी लागतात, म्हणजे संघच मोडला. गळतीचं कारण आधी वेळेत शोधा. शाळा सुटल्यावर सराव ठेवला की गावाकडची एसटी चुकते आणि घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. सराव सकाळी शाळेआधी घ्या किंवा शेवटच्या दोन तासिका जोडून मागा. पूर्ण लांबीची ट्रॅक पँट चालू द्या, चड्डीचा हट्ट धरू नका. साहित्याच्या पेटीत बँडेजशेजारी सॅनिटरी पॅड ठेवा आणि पेटीची किल्ली संघनायिकेकडे द्या. स्पर्धेच्या गावी जाण्याआधी तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, हे फोन करून विचारा. नसेल तर आयोजकांना आदल्या दिवशीच सांगून ती लावून घेता येते.